घरच्या फ्रीजमधला गाळ

फ्रीजमधलं सगळं सामान जमिनीवर मांडून आई ओल्या फडक्यानं कप्पे पुसत होती. महालक्ष्म्या तोंडावर आल्या की आधी घर धुऊन निघायचं, मग पितळेची भांडी, मग फ्रीज, हा तिचा दरसालचा क्रम, आणि त्यात कुणाची लुडबूड तिला खपत नसे. सोनल ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती. दुपारी भूषण यायचा होता. त्याला काय सुनवायचं याची सकाळपासून तिची मनातल्या मनात उजळणी चालली होती आणि वाक्यांना चांगली धार आली होती. तेवढ्यात मान वर न करता, भाजीच्या भावाबद्दल बोलावं तितक्या सहज आई म्हणाली, "त्या साली तं तुह्या त्या चिखलाच्या बाटल्याच भायेर काढा लागल्या होत्या मले. देवीच्या सोळा भाज्या ठेवू कुठं? आन् कोन्या तळ्यातला गाळ तो, त्यात काय काय मेलं असंन. निवदाच्या भाजीजवळ ठेवतेत का असं?"

सोनलनं गाळणी कपावर तशीच धरून ठेवली. "कोन्या सालची गोष्ट करून राहिली तू?"

"तू आली नव्हती नं महालक्ष्म्यायले, त्या सालची. नागपूरले तुहं काहीतरी होतं म्हने. तुहे बाबा होते तवा. सेक्टरच्या क्वार्टरात राहत होतो आपन."

"किती वेळ होत्या बाहेर?"

"देवी बसल्या तवापासून उठेस्तोवर. पन नीट ठेवल्या हो. मोरीत, बालटीत पानी घेऊन. मंग जशा होत्या तशाच लावल्या पुन्हा, एकामागं एक. तुले पत्ताबी नाही लागला." आईनं फ्रीजचं दार लावलं, पदराला हात पुसले आणि समाधानानं कपाकडे हात केला. "बंद बाटल्या त्या, बूच लावलेल्या. होते का काही तेवढ्यानं?"

होते का काही तेवढ्यानं! भाद्रपदातलं भिलाईचं ऊन ज्यानं अंगावर घेतलं आहे, पाऊस उघडला की पोलाद कारखान्याच्या भट्टीची धग आणि जमिनीची वाफ मिळून जो उकाडा होतो त्यात जो रात्रभर तळमळला आहे, त्यानं सांगावं मोरीतल्या बादलीचं पाणी किती गार राहतं ते. सोनलनं आईला चहा दिला, स्वतःचा कप उचलला आणि खोलीत जाऊन पलंगावर बसली. तिला रडू आलं नाही. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं मात्र झालं, आणि ते होतच राहिलं. म्हणजे भूषण खरं बोलला होता. भर सभेत, सगळ्यांसमोर, दात काढून, पण खरं बोलला होता.

तो गाळ लडाखातल्या एका तळ्याच्या तळाचा. हिवाळ्यात वरून ट्रक जावा इतका जाड बर्फ, त्याला भोक पाडून खाली नळी सोडायची आणि अंधारातला काळा, लोण्यासारखा मऊ चिखल वर ओढायचा. हात बधिर व्हायचे, नाकातला श्वास गोठायचा, आणि तरी सोनलला आयुष्यात इतकं सुख पुन्हा कधी झालं नाही. त्या गाळात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. वरून जे मेलेलं शेवाळ, गवत, किडे खाली येतात ते कुजवून ते मिथेन वायू करतात. त्यांना हवा लागत नाही, उजेड लागत नाही, कुणाची शाबासकी लागत नाही. त्यांच्या जरा वर, जिथं थोडा प्राणवायू पोचतो तिथं, दुसऱ्या जातीचे जीव राहतात, आणि ते तो वायू खातात. एक करणारे आणि एक खाणारे. थंड मुलखातल्या तळ्यांतून किती मिथेन हवेत सुटतो आणि पृथ्वीला किती तापवतो, हे या दोघांत कोण वरचढ यावर ठरतं. तेव्हा सगळे म्हणत, थंडीत करणारे झोपून जातात. सोनलच्या बाटल्या म्हणाल्या, नाही झोपत. बूच टोचून सुईनं बाटलीतली हवा ओढायची आणि यंत्रात सोडायची, आणि दर वेळी कागदावर मिथेनची रेघ उंच उठायची, गारठ्यातल्या गाळाकडून कुणी अपेक्षाही केली नसती इतकी उंच. त्या रेघेकडे बघताना तिला वाटायचं, आपण जगाला एक नवीन गोष्ट सांगतो आहोत. आणि ती नवीन गोष्ट, आता कळतंय, आईच्या मोरीत शिजली होती. ऊब मिळाली की करणारे आधी जागे होतात, भराभर वाढतात, आणि खाणारे बिचारे मागे राहतात. पुन्हा गार केलं तरी झालेला बदल परत फिरत नाही. विरजण लागलेलं दूध फ्रीजमध्ये ठेवलं म्हणून दूध होत नाही.

बाटल्या घरी यायचं कारण साधं होतं. नागपूरच्या त्या संस्थेतली थंड खोली दुरुस्तीला काढली होती आणि ज्यानं त्यानं आपापली सोय बघावी असं सांगण्यात आलं होतं. कुणी ओळखीच्या डॉक्टरांकडे ठेवलं, कुणी औषधाच्या दुकानात. सोनलनं बर्फाच्या पेटीत बाटल्या भरल्या, दुर्गला उतरली, बाबांच्या स्कूटरवर पेटी मांडीत धरून क्वार्टरला आली आणि घरच्या फ्रीजचा मधला कप्पा रिकामा करून घेतला. आईला तिनं बजावलं होतं, फ्रीज बंद नाही करायचा. आणि आईनं केला नाही. शब्दशः पाळलं म्हातारीनं. बाटल्या बाहेर काढायच्या नाहीत हे सांगायचं सोनलला सुचलंच नव्हतं, कारण महालक्ष्म्या त्या आठवड्यात आहेत हे तिच्या डोक्यातच नव्हतं. घरच्या देवी कधी बसतात ते विसरलेली पोर, आणि पोरीच्या गाळाचं मोल न कळलेली आई. दोघींपैकी कुणाला दोष द्यायचा? सोनलनं आईवर राग धरून पाहिला. दारातून दिसणारी तिची वाकलेली मान, मानेवरचे विरळ पांढरे केस, फडकं पिळणारे हात. राग धरता आला नाही. जरा वेळ तो इकडे तिकडे भटकला आणि आपल्या जुन्या पत्त्यावर गेला.

कारण बाटल्या घरच्या फ्रीजमध्ये होत्या हे फक्त भूषणला ठाऊक होतं. एकाच सेक्टरमधला, एकाच शाळेच्या बसमधला, तिच्या आईच्या हातच्या वड्या खाऊन वाढलेला भूषण. एकाच सरांकडे दोघं शिकत होते. तिनंच सांगितलं होतं त्याला, कँटीनमध्ये, हसत, आपल्या माणसाला सांगावं तसं. आणि तिनं आपले निष्कर्ष मांडले त्या दिवशी, बाहेरगावचे मोठमोठे लोक बसलेले असताना, हा मागच्या रांगेतून उठला. "सॅम्पल कुठं ठेवलं होतं तू?" सगळं ठाऊक असून विचारलं. ती म्हणाली, घरच्या फ्रीजमध्ये. "घरच्या? म्हणजे लोणच्याच्या बरणीशेजारी?" आणि तो हसला. तो हसला म्हणून त्याच्या शेजारचा हसला, मग रांग, मग सभागृह. सर चष्मा पुसत होते, तेही हसले. "गाळ कुठंतरी तापलाय," भूषण म्हणाला, "हे थंडीतले जीव नाहीत, हे आमच्या भिलाईचे जीव आहेत." पुन्हा हशा. सोनल तरी बोलली. फ्रीज क्षणभरही बंद नव्हता, माझ्या आईवर माझा विश्वास आहे, असं बोलली. आईचं नाव काढल्यावर तर लोकांना हसू आवरेना. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

पुढचं काही वेगानं झालं नाही. कुणी तिला काढून टाकलं नाही, फक्त तिच्याकडे बघणं कमी झालं. सरांनी नवा विषय घ्यायला सांगितलं, शिष्यवृत्ती संपली ती वाढली नाही, बाबा आजारी पडले, ती घरी आली ती आलीच. आता ती एका कॉलेजात मुलींना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणजे मुख्यतः दही कसं लागतं ते शिकवते. भूषण बंगळूरला मोठ्या संस्थेत गेला. थंड तळी, मिथेन, हाच विषय त्याचा झाला. पेपरात फोटो यायचा तेव्हा शेजारच्या बायका आणून दाखवायच्या, आपल्या भिलाईचा पोरगा म्हणून. सोनल म्हणायची, हो, हुशारच होता. आणि आत दात-ओठ खायची. एक तप तिनं हे पोटात ठेवलं. वर्गात शिकवताना, बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर बसलेली असताना, बाबांच्या तेराव्याला वाढत असताना सुद्धा तिच्या डोक्यात ते सभागृह भरलेलं असायचं, आणि त्यात या वेळी ती मागच्या रांगेत असायची आणि तो पुढं, आणि ती उठून एकच प्रश्न विचारायची. कोणता प्रश्न ते मात्र तिला कधी सापडलं नव्हतं.

उरलेल्या बाटल्या तिनं टाकल्या नव्हत्या. सुपेल्यात एक आइसक्रीमवाला दुकान बंद करत होता, त्याचा छोटा डीप फ्रीझर तिनं उचलला, आपल्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी लावला, त्याला इन्व्हर्टर जोडला. क्वार्टर सोडून वैशाली नगरला राहायला आले तेव्हा ट्रकमध्ये सगळ्यात आधी तो चढला. आई त्याला सोनलचा दुसरा देव्हारा म्हणते. गाळ गोठलेला असला की त्यातलं काही बदलत नाही, कोण करणारे होते, कोण खाणारे होते, सगळी हजेरी तशीच राहते. आपण खरे होतो याचा पुरावा म्हणून ती तो जपत होती. आणि जपत काय होती, तर आपण चुकलो होतो याचा पुरावा.

गेल्या आठवड्यात भूषणचा फोन आला, तो याच गाळासाठी. ते तळं आता पूर्वीचं राहिलं नाही म्हणाला. काठावर हॉटेलं झाली, त्यांचं सांडपाणी आत जातं, उन्हाळा लांबला. तेव्हाचे जीव आणि आताचे जीव यांची तुलना करायची, तर तेव्हाचा गाळ हवा, आणि तो जगात फक्त दोघांकडे. परदेशातला एक चमू त्याच हिवाळ्यात तिथं उतरला होता, त्यांनी जागच्या जागी गोठवून नेला होता. त्यांचं काम पुढच्या वर्षी छापून येणार. "त्यांच्या आधी आपलं यायला पाहिजे, सोनल. एकदा त्यांचं आलं का मग आपल्याला कोन विचारते?" आपलं, म्हणाला. ती म्हणाली, ये. आणि फोन ठेवल्यापासून ठरवत होती की त्याला बसवायचं, चहा पाजायचा, बाटल्या डोळ्यांनी दाखवायच्या, आणि म्हणायचं, नाही देत. जा, लोणच्याच्या बरणीत शोध.

दुपारच्या वड्यांसाठी आईनं तिला कोथिंबीर आणायला पिटाळलं. आई कोथिंबिरीला सांबारच म्हणते आणि सुपेल्याच्याच बाजारातला सांबार तिला लागतो. चौकात नेहमीप्रमाणे सगळं अडकून पडलं होतं, ट्रक, ऑटो, हातगाड्या, उसाच्या चिपाडांवरच्या माशा. स्कूटर दोन पायांवर तोलत सोनल उभी होती, पिशवीतून सांबाराचा ओला वास येत होता, मागचा हॉर्नवर हॉर्न देत होता, आणि तिथं, त्या कोलाहलात, तिला दिसलं. नाही म्हटलं तर काय होईल? भूषण हात हलवत परत जाईल, दुसरं काहीतरी शोधेल, चार दिवस चडफडेल. सांगून टाकलं तर? तो दुसऱ्यांदा खरा ठरेल आणि ही दुसऱ्यांदा हास्यास्पद. पण दिला तर? नुसता दिला, काही न बोलता, हसून, आपल्या माणसाला द्यावा तसा? तो आनंदानं नेईल. त्यातली हजेरी घेईल. तेव्हाही तळ्यात करणारेच माजले होते असं जगाला सांगेल. आणि मग परदेशी लोकांचा गाळ येईल, त्याच हिवाळ्यातला, त्याच तळ्यातला, आणि त्यात काही भलतंच असेल. मग भरलेल्या सभागृहात मागच्या रांगेतून कुणीतरी उठेल आणि विचारेल, सॅम्पल कुठं ठेवलं होतं? प्रश्न सापडला नव्हता तो हा. तिला विचारायचीही गरज नव्हती. सुंठीवाचून खोकला जाणार होता. मागच्या ट्रकवाल्यानं शिवी हासडली तेव्हा तिला कळलं की रस्ता मोकळा झाला आहे आणि आपण हसत उभ्या आहोत.

भूषण आला तो केस पिकलेला, पोट सुटलेला, हातात पांढरी पेटी. आधी आईच्या पाया पडला. "काकू, तुम्ही तशाच आहा. मीच म्हातारा झालो." आईनं त्याच्या गालावरून हात फिरवला, वाळला म्हणाली, आणि वड्या तळायला आत गेली. तो खुर्चीत बसला, पेटीवर बोटं वाजवत राहिला, मग म्हणाला, "सोनल, पहिले एक बोलायचं होतं. त्या दिवशी मी लोकायले हसवलं. लोणच्याचं बोललो. नव्हतं बोलायला पाहिजे. तू मले विश्वासानं सांगतलं होतं."

ही वाक्यं तिनं इतक्या वर्षांत त्याच्या तोंडी किती वेळा घातली होती! प्रत्येक वेळी ती ऐकून तिनं पाठ फिरवली होती. आता ती खरीच आली, आणि कानावरून गेली. तिला काही झालं नाही. तिला वाटलं, आपल्याला ऐकू कमी येतंय की काय.

"आन् सच बोलू तर," तो म्हणाला, "तूच बरोबर होती. आता दुसऱ्या लोकायचे रिझल्ट येऊन राहिले, थंड तळ्यायचे. करणारे नाही झोपत थंडीत. तुझ्या एवढं नाही, पन नाही झोपत. तेव्हा तुझा गाळ तापला नव्हता. मीच आंधळा होतो. म्हणून म्हणतो, या पेपरवर पहिलं नाव तुझं राहील. माझं मागं."

यासाठी ती तयार नव्हती. पहिलं नाव. तिचं. बाबा असते तर त्यांनी तो कागद चौकट करून लावला असता. आणि गंमत अशी की त्याचं अर्धं खरं होतं. थंडीतले करणारे झोपत नाहीत हे तिनं म्हटलं ते बरोबरच निघालं होतं, फक्त तिच्या बाटल्यांनी ते सिद्ध केलं नव्हतं. बिनबुडाचा खरेपणा. ती म्हणू शकत होती, थांब भूषण, आईनं आज सकाळीच सांगितलं. दोघं हसली असती. वड्या खाल्ल्या असत्या. माणूस समोर बसून आपलं चुकलं म्हणतो आहे, आणखी काय हवं असतं? तोंड उघडायचंच बाकी होतं, आणि तोंड उघडण्याआधी ती म्हणाली, "ये, दाखवते," आणि त्याला खोलीत घेऊन गेली. तिथं सांगेन, असंही तिला वाटलं असेल.

भूषण फ्रीझरपुढं उभा राहिला. फ्रीझरच्या झाकणावर आंब्याच्या कँडीचं चित्र होतं, कडा उडालेलं, पिवळं, दात दाखवून हसणारा आंबा. सोनलनं ते कधी खरवडलं नव्हतं. त्यानं चित्राकडे पाहिलं, मग पलंगाकडे, मग इन्व्हर्टरकडे, आणि हसला. "मँगो कँडी! क्या यार सोनल. आइसक्रीमच्या डब्यात? तू नाही सुधरणार." तेच हसणं. आधी नाकातून, मग खांदे. वाईट हेतूनं नव्हे, अजिबात नव्हे, प्रेमानंच हसला बिचारा. पण तिच्या कानाला हेतू कळत नव्हता, आवाज कळत होता, आणि त्या आवाजामागून रांग हसली, सभागृह हसलं, चष्मा पुसणारे सर हसले. तिचे कान तापले. क्षमा केलेली नव्हतीच, पण करता आली असती ती वेळ गेली. "सुधरून कुठं जाऊ," ती म्हणाली, आणि झाकण उघडून बाटल्या एकेक करून त्याच्या पेटीत ठेवल्या, गार लागणारी बोटं न झटकता.

जेवायला बसले तेव्हा आई वड्यांची परात घेऊन आली आणि त्याच्या ताटात वाढता वाढता पेटीकडे पाहून म्हणाली, "नेऊन राहिला का त्या बाटल्या? बरं झालं. अरे, या बाटल्यायची मजा सांगू का तुले? महालक्ष्म्या होत्या..."

"आई, कढी," सोनल म्हणाली.

"वाढतो नं. महालक्ष्म्या होत्या आन् फ्रिजात—"

"कढी उतू जाऊन राहिली, आई."

आई लगबगीनं आत गेली. कढी उतू जात नव्हती; गॅस बंद होता. मग आई कढीचं पातेलं घेऊन बाहेर आली आणि सोनलकडे तिनं असं पाहिलं की सोनलनं पाण्याचा तांब्या उचलून उगाच पेले भरले. भूषणला वड्यांपुढं काही दिसत नव्हतं. "काय म्हणत होत्या काकू महालक्ष्म्यायचं?" त्यानं तोंड भरलेलं असताना विचारलं. आई म्हणाली, "काही नाही बाप्पा. त्या साली सोनल नव्हती आली, तेच." आणि वाढत राहिली. पाहुणा ताटावर असताना घरातलं भांडण काढायचं नाही, ही तिची रीत. सोनलला हे ठाऊक होतं, त्याच रीतीच्या भरवशावर ती बसली होती.

हात धुऊन झाल्यावर भूषणनं पुन्हा विचारलं, आता जरा अवघडून, कामाच्या आवाजात. "एक लिहून घ्यावं लागेल मले. जेथून गाळ काढला तेथून आतापर्यंत तो गारच होता. तू तेव्हा भर सभेत सांगतलं होतं, तेच. आहे नं तसंच?"

आई ओट्याशी पाठमोरी होती. नळ चालू होता.

"फ्रीज एक क्षणही बंद नव्हता," सोनल म्हणाली. हे खरं होतं. तेव्हाही खरं होतं.

"बस. मग पहिलं नाव तुझं, ठरलं."

"माझं नाव नको, भूषण."

त्यानं पेटीचं झाकण लावता लावता वर पाहिलं.

"खरंच नको. मी आता त्या जगात नाही. दही लावायला शिकवते मी. काम तू करशील, मेहनत तुझी. नाव एकट्या तुझंच राहू दे. आभारातही नको टाकू. मले त्यात कुठंच नको."

भूषणच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही हे न कळून त्यानं तो पेटीच्या कडीवर ठेवला. "मी तुझ्यासंग असं वागलो," तो म्हणाला, "आन् तू... तुझ्याएवढं मोठं मन नाही पाह्यलं यार मी." आईच्या पुन्हा पाया पडला, पेटी उराशी धरून जिना उतरला, आणि खाली टॅक्सीत बसताना सुद्धा वर बघून त्यानं हात जोडले. सोनलनं गॅलरीतून हात हलवला. टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली. प्लांटच्या बाजूनं शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला आणि सायकली, स्कूटरी रस्त्यावर येऊ लागल्या. ती कठडा धरून त्यांच्याकडे बघत राहिली. भीती वाटत होती का तिला? नव्हती. तिला बरं वाटत होतं. इतकं बरं तिला बाबा गेल्यापासून वाटलं नव्हतं, त्याच्याही आधीपासून वाटलं नव्हतं. चांगुलपणानं वाटतं म्हणतात तसंच बरं, काही फरक नव्हता.

ती आत आली तेव्हा आई पाटावर बसलेली होती, हात मांडीवर ठेवून. "कढी नव्हती उतू जात," आई म्हणाली.

"हो."

"मी काही येडी नाही सोनल. तुले त्याच्यासमोर नव्हतं बोलू द्यायचं मले. बाटल्या काढल्या ते चुकलं का माहं? खराब झाला का तो गाळ?"

"नाही."

"मंग? त्याले सांगतलं का तू, आतमंदी, खोलीत?"

आईचा चेहरा सोनलकडे लागला होता. चूक झाली असली तर आत्ता, इथं, या वयात पदर पसरून माफी मागायची तयारी असलेला चेहरा. सोनलनं तो नीट पाहिला.

"सांगितलं," ती म्हणाली. "तो म्हणे, काही फरक नाही पडत तेवढ्यानं."

आईनं एवढा मोठा श्वास सोडला की तिचे खांदे खाली आले. "देव भलं करो पोराचं. मी सकाळपासून पाहून राहिली, तुह्या तोंडाचा रंगच उडाला होता. म्हनलं, का करून बसलो आपन." ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "गुनी निघाला भूषण. नाव काढंन."

"काढेल ना," सोनल म्हणाली. "पुढच्या वर्षी पाहशील तू. सगळीकडे त्याचंच नाव राहील, एकट्याचं."

मग तिला एकदम भूक लागली. तिनं ताट ओढलं आणि आईला म्हणाली, वाढ.